मावशीच्या एकेचाळीस फायली

माझ्या तापट स्वभावाचं कौतुक जगात एकाच माणसाला होतं, ते म्हणजे मावशीला. आठ वर्षांची असताना मी रागाच्या भरात एका मुलाची सायकल तळ्यात ढकलली. सगळे मला मारायला धावले आणि मावशी मात्र पोट धरून हसत बसली. त्या दिवशी तिने माझं नाव ठिणगी ठेवलं आणि ते मला कायमचं चिकटलं.

मी कॉम्प्युटर दुरुस्त करते. माझं स्वतःचं दुकान आहे. अजूनही कुणी तरी आत डोकावून विचारतं, ‘मालक कुठे गेलेत?’ मी सांगते, ‘जेवायला. तोवर काय हवं ते मलाच सांगा.’

मावशीला जाऊन वर्ष झालं. शेवटच्या आजारपणात तिने काकांच्या, म्हणजे तिच्या यजमानांच्या, कॉम्प्युटरवर स्वतःच्या आवाजात रेकॉर्डिंग करून ठेवलं होतं. काका जन्मभर जमिनी मोजत फिरलेले. दुसऱ्यांच्या प्लॉटचा कोपरा न् कोपरा तोंडपाठ, पण स्वतःच्या घरातला पाण्याचा मुख्य नळ कुठे आहे, याचा पत्ता नाही. त्यांचं कसं होणार, या काळजीने तिने एकेक विषय घेऊन सांगितलं होतं. ‘मुख्य नळ’, ‘वॉशिंग मशीन’, ‘औषधांचा डबा’, ‘पाहुणे आले तर’. अशा एकेचाळीस फायली. काका रोज सकाळी एक ऐकायचे. एकेचाळीस संपल्या की पुन्हा पहिली. मी त्यातली एकही ऐकली नव्हती. माझी छाती झाली नव्हती, हे सरळच सांगते.

गेल्या महिन्यात काकांचा फोन आला. “ठिणगी, हा कॉम्प्युटर सुरू व्हायला वीस मिनिटं घेतो. आणि आतून टकटक ऐकू येते.”

“हार्ड डिस्क जायला आलीय काका. नवी घालू. विमान होईल त्याचं.”

मी कॉम्प्युटरचा डबा उचलून दुकानात आणला. नेहमीच्या माणसाकडून एक बिननावाची एसएसडी घेतली, म्हणजे नव्या प्रकारची, चकती न फिरणारी डिस्क. अशा डझनावारी बसवल्या आहेत मी, कधी तक्रार नाही. जुनी आणि नवी शेजारी शेजारी जोडायच्या आणि जुनीवरचं सगळं जसंच्या तसं नवीवर उतरवायचं. प्रोग्राम दोनच गोष्टी विचारतो, कुठून आणि कुठे. नेमका त्याच वेळी एका गिऱ्हाइकाचा फोन आला. स्वतः कीबोर्डवर सरबत सांडून खापर माझ्या डोक्यावर फोडत होता. मी फोन कानाखांद्यात धरला, त्याची यथेच्छ खरडपट्टी काढली आणि एकीकडे बटणं दाबली.

दोन तासांनी पडद्यावर ‘काम पूर्ण’ आलं आणि मी खालची ओळ वाचली. मी उलटं केलं होतं. नवी, कोरी डिस्क जुनीवर उतरली होती. कोरेपणा शेवटच्या कणापर्यंत उतरला होता.

दुसरी प्रत नव्हती. ‘पेनड्राइव्हवर काढून ठेवते’ असं मी काकांना वर्षभर सांगत होते. दिवस मावळेपर्यंत मी पुसलेलं परत आणायचे सगळे उपाय केले. जुनी कोरी होती. नवीही कोरी होती. तीनतीनदा तपासलं. मावशी दुसऱ्यांदा गेली आणि या वेळी तिला मी घालवलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी डबा घेऊन काकांकडे गेले. नवी डिस्क आत घातलेली होती. तिथे बसून पेनड्राइव्हवरून सगळे प्रोग्राम नव्याने टाकायचे आणि मग पाय धरून सांगायचं, असं ठरवलं होतं. काकांनी टेबल पुसून ठेवलं होतं. खुर्चीही ओढून ठेवली होती. मी वायरी जोडल्या, बटण दाबलं आणि पेनड्राइव्ह काढायला पिशवीत हात घातला. तो बाहेर येण्याआधीच कॉम्प्युटर सुरू झाला होता.

काकांचा तोच निळा पडदा. तीच चित्रं, त्याच ओळीत. कोपऱ्यात मावशीने बनवलेला ‘ह्यांच्यासाठी’ नावाचा फोल्डर. मी उघडला. एकेचाळीस.

“अरे वा! पळायलाच लागला की हा,” काका म्हणाले.

मला आनंद व्हायला हवा होता, पण मी पिशवी उचलून तडक निघाले. दुकानात येऊन जुनी डिस्क पुन्हा पाहिली. या टोकापासून त्या टोकापर्यंत कोरी. मग हे आलं कुठून? मी स्वतःला सांगितलं, थकली होतीस, चुकीचं वाचलंस, जाऊ दे. आणि माझ्यासारखी तोंडाळ बाई मूग गिळून गप्प बसली.

आठ दिवसांनी काकांचा फोन. आवाज अगदी शांत होता. “फायली लांबल्यात गं.”

मी दुकान बंद करून तशीच निघाले. काकांनी वही पुढे केली. मोजणीचा माणूस, प्रत्येक फाईल किती मिनिटं, किती सेकंद, हे त्यांनी पहिल्यापासून लिहून ठेवलं होतं. ‘मुख्य नळ’ चार मिनिटं बारा सेकंद. आता सहा मिनिटं. बाकीच्याही तशाच, आणि रोज थोड्या थोड्या वाढणाऱ्या.

“ऐक,” म्हणाले आणि त्यांनी लावली.

वर्षाने मी तिचा आवाज ऐकला. भरभर, ठसठशीत, अगदी तीच. मुख्य नळ बेसिनखाली मागच्या अंगाला आहे, उजवीकडे फिरवायचा, जोर लावू नका, तुमचा जोर मला माहीत आहे. मी रडता रडता हसले. मग ती म्हणाली, “झालं. आता हे बंद कुठे करायचं?”

“इथे संपायची ही,” काका म्हणाले.

संपली नाही. खुर्ची करकरली. मग, “अहो.”

“हं,” काका म्हणाले, अगदी सवयीने.

“आज दाढी नाही केलीत.”

काकांनी गालावरून हात फिरवला. पांढरे खुंट वाढले होते.

मी झडप घालून फाईल थांबवली. “काका, ही मावशी नाही. मी मावशीला पुसून टाकलं. माझ्या हातून उलटं झालं, जुनीतही काही राहिलं नाही, नवीतही काही नव्हतं. हे काय आहे ते मला माहीत नाही. मला भीती वाटते.”

त्यांनी माझं रडणं ओसरू दिलं. मग म्हणाले, “मला माहीत आहे.”

“कधीपासून?”

“तू बसवून गेलीस त्याच दुपारपासून. तू त्या फायली कधी ऐकल्याच नाहीस ना? तिला दम लागायचा. तीन शब्द बोलली की थांबायची. चार मिनिटांच्या फायलीत अडीच मिनिटं नुसती धाप आहे, मी मोजलंय. ही मध्ये कुठेच थांबत नाही. ही श्वासच घेत नाही.”

“आणि तरी तुम्ही ऐकता?” मी ओरडलेच.

“वर्षभर रोज सकाळी मी तिला गुदमरताना ऐकलं, पोरी. दुसरं काही नव्हतंच माझ्याकडे. आता तिचा आवाज आहे आणि त्रास नाही. मला एवढंच ऐकू येतं. बाकी मी विचारत नाही.”

“मी काढते ही डिस्क. आत्ताच्या आत्ता.”

“काढ. तूच बसवलीस.” ते जागचे हलले नाहीत. “पण ती धाप तर गेलीच, मग माझ्याकडे काहीच उरणार नाही, एवढं लक्षात ठेव.”

मी टेबलाखाली गुडघे टेकले. डब्याच्या बाजूचा पहिला स्क्रू काढून तळहातावर घेतला. दुसऱ्याला हात घातला, तेव्हा वर स्पीकरमधून आवाज आला. फाईल मी थांबवलेली होती.

“ठिणगी, जेवलीस का गं?”

आणि मग शांतता. ही शांतता मोकळी नव्हती. कुणी तरी उत्तराची वाट बघत होतं. मी कान देऊन ऐकलं. श्वास नव्हताच. टेबलाच्या वर काका होते, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. तो फार हळू चालला होता.

सकाळपासून माझ्या पोटात काही नव्हतं. हे विचारणारं माणूस मला वर्षभरात भेटलं नव्हतं.

“नाही गं,” मी म्हणाले.

“मग आधी जेव.”

मी तो स्क्रू परत जागेवर बसवला, नीट घट्ट केला आणि हात धुवायला उठले.