हितेंद्रची सव्वा मूठ

माझ्या दिराला भडगावात लोक काय काय म्हणतात ते मी इथे लिहीत नाही. मी स्वतः जे म्हणते तेच पुष्कळ आहे. जळगावच्या पाइपाच्या कारखान्यातली सुपरवायझरची चांगली नोकरी सोडून हा हितेंद्र मोटारसायकलला रिकामे प्लॅस्टिकचे डबे बांधून गावोगाव फिरतो आणि पोरांना पोहायला शिकवतो. एका गावात शिरला की तिथलं शेवटचं पोर पाठीवरच्या डब्याशिवाय विहीर पार करेपर्यंत हलत नाही. मग पुढचं गाव. पैसे घेत नाही. ज्याचं पोर पाण्यात, त्याच्या घरी जेवण. लग्नाचं काढलं की म्हणतो, "वहिनी, मुलगी बघा, पण पोहणारी बघा." आता भडगावात पोहणारी मुलगी मी कुठून आणू? मला तरी कुठे येत होतं!

हे खूळ कशातून आलं ते सगळ्या गावाला ठाऊक आहे. हितेंद्र दहावीत असताना कानबाई देवीच्या विसर्जनाला त्याचा मित्र अभिमन गिरणा नदीच्या खोल पाण्यात बुडाला. काठावर अख्खं गाव होतं, आमचे आबा, म्हणजे माझे सासरे, सगळ्यात पुढे होते. नदीकाठचं गाव, आणि उडी टाकायला एक माणूस नाही. त्या दिवसाबद्दल आमच्या घरात कोणी बोलत नाही. आबा तर नाहीच नाही.

तर गोष्ट कानबाईचीच. श्रावणात कानबाई बसते, तिच्या रोटांसाठी आदल्या दिवशी आबा घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन सव्वा मूठ गहू सुपात टाकतात. त्याच गव्हाचे गुळाचे रोट होतात. ते पुनवेच्या आत संपवायचे, आणि घरातल्याच माणसांनी खायचे. परक्याला तुकडासुद्धा नाही. वेगळ्या झालेल्या भावाची मूठ थांबते, नाहीतर मेलेल्याची. हितेंद्र फिरतीवर असला तरी त्याची मूठ पडायची, आणि त्याच्या वाट्याचे रोट आमचे हे, प्रेमराज, मुकाट्याने खायचे. त्यांच्या पोटाकडे बघितलं की मला दिराची आठवण येते.

यंदा आबांचं बिनसलं. "दोन सालपासून तो कानबाईले उना नही," ते म्हणाले. "या सालले शनवारपावत घर उना नही, तर मी त्यानी मूठ टाकाव नही."

सासूबाई, भागाबाई, तिथेच भाजी निवडत होत्या. त्या निवडलेली मेथी काड्यांत आणि काड्या मेथीत टाकत राहिल्या. ते बघून मला राहवेना. हितेंद्रला फोन लावला तर "येतो वहिनी" म्हणतो आणि त्याचं ते "येतो" मी चांगलं ओळखून आहे. ह्यांना म्हटलं, जाऊन घेऊन या. हे म्हणाले, दुकान कोण बघेल. शेवटी शुक्रवारी पहाटे मीच निघाले. धुळ्याला गाडी बदलली, पिंपळनेरला उतरले, पुढे जीपमध्ये शेळीशेजारी बसून, हितेंद्रचा मुक्काम होता त्या आदिवासी पाड्यावर पोचले.

विहीर काठोकाठ भरलेली. पाठीला डबे बांधलेली पोरं धबाधब उड्या मारत होती आणि मधोमध माझा दीर, काळाठिक्कर, सुखात.

"पाड्यावरची सगळी झाली, वहिनी," तो म्हणाला. "एक डिंपल राहिलीय. पाण्यात उतरते, पण पायरी सोडत नाही."

"मग बाकीच्यांना येतंय ना? चल घरी. नंतर ये परत." मी त्याला मुठीचं सांगितलं.

त्याने ओल्या केसांतलं पाणी झटकलं. मग म्हणाला, "अर्धवट शिकलेलं पोर सगळ्यात वाईट. आपल्याला येतं असं त्याला वाटतं. मी गेलो की ती एकटी उतरणार. अभिमनलासुद्धा थोडं थोडं येत होतं, वहिनी."

हे मला माहीत नव्हतं. पण मी हार मानणारी नाही. म्हटलं, एका पोरीचाच प्रश्न आहे ना, आत्ता मिटवते. डिंपल पायरीवर गुडघ्यात मान घालून बसली होती. मी म्हटलं, "अगं, काही होत नाही. सोड पायरी."

तिने मला खालून वर पाहिलं. "तुले पव्हता येस का?"

"नाही."

"मंग माले काब्र सांगस?"

माझं डोकंच फिरलं. पदर खोचला, हितेंद्रला म्हटलं, "बांध डबे." त्याने बांधले आणि मी साडीसकट पाण्यात उतरले. पाणी इतकं गार की माहेरच्या सगळ्यांना हाका मारल्या. पोरं हसून लोळायला लागली. पण डिंपल उठली, आली, आणि माझा पंजा धरून तिने पायरी सोडली. दुपारभर आम्ही दोघींनी पाणी बडवलं. डबे सोडायचं म्हटलं की मात्र दोघी एकदमच किंचाळायचो.

"झकास," हितेंद्र म्हणाला. "आता अर्धवट दोघी झाल्या."

शनिवारी मी निघाले तेव्हा तो जीपपर्यंत आला. "आबांना सांगा, नका टाकू मूठ. मी राग धरणार नाही." असं म्हणाला आणि लगेच तोंड फिरवून मागोमाग आलेल्या एका पोराच्या डब्याची घट्ट गाठ पुन्हा घट्ट करत बसला. मला परतीच्या गाडीत रडू आलं. कंडक्टरने विचारलं तर डोळ्यात धूळ गेली म्हणून सांगितलं.

घरी आले तर आबा सुपापुढे बसलेच होते. स्वतःची मूठ झाली, ह्यांची झाली, माझ्या मुलाची झाली. मला दारात बघून हात थांबला.

"उना का?"

"नाही, आबा. एक पोरगी राहिलीय. अर्धवट शिकलीय." मी दम घेतला. "अभिमनसारखी."

ते नाव आमच्या घरात कित्येक वर्षांनी निघालं. सासूबाई चुलीपासून वळल्या. आबा गव्हाच्या पोत्याकडे बघत राहिले, हात मात्र गुडघ्यावरच. मला ते बघवेना. मी पुढे झाले, पोत्यात हात घातला आणि सुपात मूठ टाकली. "हितेंद्रची," म्हटलं.

"अवं माय!" सासूबाईंच्या तोंडून निघालं. आमच्या घरात बाईने मूठ टाकल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. आता आबा सूप उधळतात की काय असं वाटलं.

आबांनी सुपातले गहू बोटांनी पसरून पाहिले.

"तुनी मूठ धाकली शे," ते म्हणाले. "पोऱ्या उपाशी ऱ्हाई."

आणि त्यांनी स्वतःच्या हाताने एक पूर्ण मूठ वर टाकली, त्यावर पाव.

कानबाई बसली, नाचली, विसर्जनही झालं. हितेंद्रच्या रोटांकडे ह्यांनी सवयीने हात नेला तर आबा कडाडले, "हात लावू नको!" पुनव तोंडावर आली तरी ते रोट तसेच. मग एका सकाळी आबा धुतलेली टोपी घालून, रोटांचं गाठोडं काखेत मारून माझ्यापुढे उभे राहिले. "चाल, सारिका. वाट तुले माहीत शे."

"आबा, रोट घराबाहेर नेतात का?"

"खावाना तर घरनाच माणूस ना?"

मी पायात चपला घातल्या. सासूबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या आणि रडतही होत्या.

गाडीत आबा खिडकीशी बसले. साक्री मागे पडली. मग गाठोडं या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं.

"ती विहीर कितली खोल शे?"

"मी तळ कशाला बघते, आबा!"

आबांनी टोपी नीट केली. मग खिडकीबाहेर बघतच त्यांनी हळू विचारलं, "त्या डबा मन्हा वजनले पुरतीन का?"

"पुरतील," मी म्हटलं. "दोन जास्त बांधू."