माईकवर पुकारलेली अंगठी

आमच्याकडे लग्नात आहेर माईकवर पुकारतात. कोणी काय दिलं ते अख्ख्या मांडवाला ऐकू गेलंच पाहिजे, नाहीतर दिलं काय अन् नाही दिलं काय! आणि माझ्या नवऱ्याच्या हातात माईक आला की त्यांचं डोकं ठिकाणावर राहत नाही.

माझ्या मोठ्या नणंदेच्या, लताअक्कांच्या मुलाचा साखरपुडा होता अमळनेरला. हे, म्हणजे हितेंद्र, नवरदेवाचे सख्खे मामा. कोणीतरी म्हणालं, "मामा, दोन शब्द बोला." मामा दोन शब्दांवर थांबले असते तर मी कशाला हे सांगत बसले असते? "माझ्याकडून भाच्याला अर्ध्या तोळ्याची अंगठी! लग्नात याच माईकवर देणार!" टाळ्या पडल्या. अक्कांनी पदर डोळ्याला लावला. मी पंगतीत वरण वाढत होते. बादली तिथेच ठेवली आणि बाहेर जाऊन उभी राहिले, कारण आत राहिले असते तर तोंडातून भलतंच निघालं असतं.

देवपूरला घरी आलो. दार लावलं आणि विचारलं, "कुठून आणणार अंगठी?"

"बघू गं. होईल काहीतरी."

हे 'होईल काहीतरी' सासऱ्यांच्या काळापासून आमच्या घरात फुकट राहतंय. ह्यांचा नरडाण्याच्या कंपनीतला पगार वाईट नाही, पण लग्नसराईत तो वाळूत पाणी ओतावं तसा जायचा. मागच्या साली असाच कोणाचा तरी आहेर करायला ह्यांनी मोबाईलवर कर्ज काढलं. हप्ता चुकला आणि वसुलीवाल्यांनी आमच्या पोरीला, मेघाला, कॉलेजात फोन करून तिच्या बापाचा उद्धार केला. पोर रडत घरी आली. त्या दिवशी मी ठरवलं, आता बस्स!

माझ्या नावानं वेगळं खातं उघडलं, कार्ड घेतलंच नाही. पगार झाला की आधी मेघाच्या फीचं त्या खात्यात, उरेल त्यात घर. मी फॉल-पिको करते, ते पैसेही तिकडेच. ढाब्यावरची शेवभाजी बंद. आहेराचा डबा वेगळा, त्यात असेल तेवढाच आहेर. तसाही आमच्या गल्लीत आहेराच्या साड्या कोण नेसतं? बायका मला साडी दाखवतात आणि म्हणतात, "हिला फॉल नको लावू, पुढं द्यायची आहे." एक मोरपंखी साडी तर मी इतक्या घरांत पाहिलीय की तिला बिचारीला सासरच सापडत नाहीये.

हितेंद्र कुरकुरले, पण आपल्या हातानं पैसे टाकत राहिले. हेही खरंच सांगायला हवं. मेघा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. फीचा हप्ता भरल्याशिवाय परीक्षेचा फॉर्म घेत नव्हते, शेवटची तारीख लग्नाच्या दुसऱ्याच दिवशीचा सोमवार. खात्यात तेवढेच जमत आले होते. अंगठी आणली की फी गेली, इतकं ते सरळ होतं.

"ज्या तोंडानं पुकारलंत, त्याच तोंडानं अक्कांना सांगा," मी म्हटलं.

"उद्या फोन करतो."

रोज उद्या. फोन हातात घ्यायचे, अक्कांचं नाव काढायचे आणि खिशात ठेवायचे. मीच का नाही केला? केला असता तर 'वहिनीनं भावाचा देता हात धरला' एवढंच झालं असतं, आणि हे पुढच्या लग्नात पुन्हा माईक धरायला मोकळे! छट्. आपण सांडलं ते आपणच पुसायचं.

लग्नाचा दिवस उजाडला. ऊन असं की मांडवातले पंखेही गरम हवा फेकत होते. आहेराची वेळ झाली तसे हितेंद्र खांबामागे जाऊन उभे राहिले, कपाळ पुसत. तेवढ्यात आमच्या भाऊबंदांतले मोतीलालभाऊ तिथे आले. त्यांनी आपल्या बोटातली अंगठी काढली आणि ह्यांच्या मुठीत कोंबली.

"घे, घाल भाच्याले. इज्जत राहीन. मनं सावकाश दे."

'माझं सावकाश दे' म्हणणाऱ्या मोतीलालभाऊंचं सावकाश मला ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला येऊन बसतात आणि दिल्याशिवाय उठत नाहीत. हितेंद्रांचा चेहरा मात्र उजळला. बुडत्याला काडीचा आधार मिळाला ना! मी तडक त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"ही घातलीत तर भाऊंचे पैसे मेघाच्या फीतूनच द्यावे लागतील," मी म्हटलं. "मी खात्यातून पैसा काढणार नाही. भाऊ दारात येऊन बसले तर मेघालाच चहा घेऊन बाहेर पाठवीन. काय सांगायचं ते तुम्ही तिच्यादेखत त्यांना सांगा."

"रूपाली, सगळे बघताहेत."

"बघू द्या."

माईकवाला ओरडला, "मामांनी स्टेजवर यावं! मामांकडून नवरदेवाला अर्ध्या तोळ्याची अंगठी!"

हे गेले. मूठ घट्ट मिटलेली. स्टेजवर मेघा आमच्या आहेराचं ताट धरून उभी होती, त्यात अक्कांना साडी आणि नवरदेवाला ड्रेस. तिला सगळं माहीत होतं. ती बापाकडे पाहत नव्हती, ताटाकडे पाहत होती. नवरदेवानं हात पुढे केला. हितेंद्रांनी मूठ उघडली, अंगठीकडे पाहिलं, आणि ती तशीच खाली उभ्या मोतीलालभाऊंना परत दिली. मग माईक मागून घेतला.

"अंगठी नाहीये," ते म्हणाले. घसा खाकरून पुन्हा म्हणाले, "त्या दिवशी मी घरी न विचारता, फुशारकीत बोललो. माझ्याजवळचे पैसे मेघाच्या फीचे आहेत, उद्या भरायचे आहेत. मामाकडून साडी आणि ड्रेस. जास्त नाही. अक्का, माफ कर."

मागून कोणीतरी फिसकन हसलं. मोतीलालभाऊ मोठ्यानं म्हणाले, "नाक कापं रे भाऊ, नाक कापं!" मला ह्यांच्याजवळ धावत जावंसं वाटलं. लाज नव्हती वाटत. असा अभिमान मला ह्या माणसाचा लग्नापासून कधी वाटला नव्हता.

अक्का स्टेजवर चढल्या. डोळे लाल. आता सगळ्यांसमोर साडी फेकतात, असं मी धरूनच चालले होते. मीही पदर खोचून वर गेले. जे बोलायचं ते मला बोला, त्यांना नाही.

अक्कांनी भावाकडे पाहिलंही नाही. मेघासमोर उभ्या राहिल्या. अक्का भरून आल्या की अहिराणीत बोलतात.

"माले बी डी.एड. करनं व्हतं, बेटा. नंबर बी लागेल व्हता. त्या साले मना बापनी भाऊबंदसना लगीनमा सोनानी पोत पुकारी, आनि दिन्ही. बठ्ठा मांडव टाळ्या वाजाडे. मी बी वाजाडी."

त्यांनी साडी उचलली, छातीशी धरली आणि दुसऱ्या हातानं मेघाचं मनगट घट्ट पकडलं.

"सकायले पहिले जाय आनि फारम भर. मना फारम राही गया."