पाचशे फुटांखालची ऊब

मी एक जुना बोअर आहे. सेनगाव तालुक्यातल्या एका माळावर, तातेरावांच्या शेताच्या वरच्या बांधाला माझे तोंड आहे. तोंड एवढेसे, वीतभर रुंदीचे. पण मित्रांनो, माझे अंग जमिनीत पाचशे चाळीस फूट खोल गेले आहे. वर राहणाऱ्यांना उन्हाळा-हिवाळा असतो. माझ्या तळाशी बाराही महिने ऊब असते.

पंचवीस वर्षांपूर्वी तातेरावांचे वडील रामकिशन यांनी मला खोदून घेतले. पाणाड्याने तळहातावर नारळ आडवा धरला आणि नारळ जिथे उभा राहिला तिथे बोअरची गाडी लावली. दीड दिवस दगडाचे पीठ उडत होते. शेवटी एकदम फवारा आला. सगळे धावले, ओंजळी पुढे केल्या आणि झटकन मागे घेतल्या. पाणी चांगले गरम होते.

रामकिशन कपाळावर हात मारून म्हणाले, "पिकाला पाणी मागितलं, तर देवानं आंघोळीचं धाडलं!"

जमीन खोल खोल उबदार होत जाते. माझ्यासारख्याला एखादी फार खोलवरची भेग लागली, तर पाणी ती ऊब घेऊनच वर येते. त्यासाठी लाकूड जाळावे लागत नाही आणि धूरही होत नाही. पण हे तेव्हा कोणाला सुचले नाही. रामकिशन यांनी हौद बांधला. पाणी त्यात निवले की मग ते गव्हाला जाई. तरी थंडीत मला मान होता. बाया गोधड्या धुवायला माझ्याकडेच येत. रामकिशन यांची बायको लखमाबाई छोट्या तातेरावाला बखोटीला धरून आणी आणि हौदाच्या काठावर खसाखसा घासून काढी.

पुढे खालच्या अंगाला विहिरीला गार पाणी लागले. माझी मोटार काढून घेतली आणि तोंडावर फरशी आली. रामकिशन गेले. अकरा वर्षे माझ्याकडे कोणी फिरकले नाही. शेळ्या तेवढ्या फरशीवर बसत.

मग तातेरावांची बायको आशाबाई रेशीमशेतीचे प्रशिक्षण घेऊन आली. तिने एकरभर तुती लावली आणि माझ्या शेजारीच आळ्यांसाठी शेड बांधले. आळ्यांना चोवीस-पंचवीस अंशांची ऊब लागते आणि धूर मुळीच सोसत नाही. पण त्या घराची एक रीत होती. नवे धान्य येवो की नवे वासरू, त्याला ऊद दाखवायचाच. आळ्यांची पहिली बॅच आली. आशाबाई पाला तोडायला गेली असताना लखमाबाईने मोठ्या हौसेने शेडभर ऊद फिरवला. दुपारपर्यंत आळ्यांनी हिरवे पाणी ओकले आणि माना टाकल्या. टोपल्या भरभरून त्या माझ्याजवळच्या खड्ड्यात पुरल्या.

"माय, काहून धूर केला तू?" तातेराव ओरडले.

"लक्ष्मी घरात आली म्हणून केला रे. ह्या लक्ष्मीला ऊद चालत न्हाई, हे मला कोनी सांगितलं?"

तातेराव म्हणाले, "अजून एक बॅच. ती बी गेली तर तुती उपटतो अन् हळद लावतो. हा बोअर बी मुरूम टाकून बुजवतो. नुसती अडचण करून राहिला."

त्या तुतीचे एकेक बेणे आशाबाईने स्वतः लावले होते.

दुसरी बॅच पौषात आली. आळ्यांनी चौथी कात टाकली, आठवड्याभरात कोष करायचे, आणि नेमकी थंडीची लाट आली. शेडातला पारा पंधरावर उतरला. शेगडी पेटवायची सोय नव्हती आणि हिटर लावला की तार तापायची. आळ्यांनी खाणे सोडले. टाकलेला पाला तसाच सुकू लागला. आशाबाई येऊन माझ्या फरशीवर बसली. मागोमाग लखमाबाई आली.

"आशे, धूर नको पर ऊब पायजे, व्हय ना?"

"व्हय, आत्याबाई."

"मंग तू बसलीस कशावर?"

आशाबाई चटकन उठली. दोघींनी मिळून फरशी सरकवली.

दुपारी हिरासिंग मिस्त्री माझ्यात पुन्हा मोटार सोडायला आले. तातेराव बांधावरून म्हणाले, "आता आळ्यांना बी आंघोळ घालता का?"

"तुला घातली तवा तू काही मेला न्हाईस!" म्हातारीने तिथल्या तिथे उत्तर दिले. हिरासिंग हसता हसता खाली बसले.

पहिले पाणी गंजाचे, तांबडे आले. मग निवळशंख आले आणि त्याच्यावर वाफ दिसली. आशाबाईने ठिबकचा मोठा काळा पाइप आळ्यांच्या रॅकच्या खालून नागमोडी फिरवला आणि दुसरे टोक तुतीत सोडले. शेतीची लाइट तेव्हा पहाटेच्या पाळीची होती. ती आली आणि मी त्या पाइपातून प्रथमच शेडात शिरलो. काही जाळले नाही, धूर झाला नाही. दिवस उगवेतो पारा चोविसावर आला.

मग कुरकुर ऐकू आली. आधी एका कोपऱ्यातून, मग सगळ्या शेडभर. आळ्या खात होत्या.

तातेराव आत आले. पाइपावर हात ठेवून पाहिला. मग कोपऱ्यातला विळा उचलून तुतीकडे निघाले. आशाबाई मागोमाग धावली.

"अहो, कुठं निघालात?"

"पाला संपत आला न्हाई का? आनतो."

आठव्या दिवशी पांढरेशुभ्र कोष लागले. तुती उभी आहे. यंदा ती दीड एकर झाली.

मित्रांनो, पारा पंचविसावर गेला की आशाबाई माझी मोटार बंद करते. हे तिचे मला फार आवडते. माझ्या तळाशी ऊब पुष्कळ आहे; तिला वर आणणारे पाणी मात्र बेताचेच आहे. ते नासू नका. माळावर चर खणा, पाऊस जिरू द्या. आमची तोंडे घट्ट झाकून ठेवा, लेकरे तिथे खेळतात. आणि आम्ही मेलो असे ठरवण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा विचारा.

सोमवारी नव्या आळ्या येणार आहेत. कितीही थंडी पडो, मी तयार आहे.