शामकांत साहेबांची बिनआवाजी फटफटी

शामकांत साहेब शाळा तपासायचे. बारा शाळा, बारा वर्षं, आणि एकदाही गुरुजी गैरहजर सापडला नाही. याचं श्रेय ते स्वतःच्या दराऱ्याला देत. त्यांच्या फटफटीला मात्र कुणी काही श्रेय दिलं नव्हतं. नगरच्या लष्करी लिलावातली ती महायुद्धातली गाडी ओढ्यापलीकडे सुरू झाली, की अलीकडच्या गावातल्या कोंबड्या झाडावर जात.

त्र्याहत्तर साली पेट्रोलचा भाव भडकला. मिरजगावात विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेनं भरून देणाऱ्या गहिनीनाथानं गाडीचं इंजिन उतरवलं, ट्रकचा डायनॅमो मोटारीसारखा फिरावा म्हणून उलटा जोडला आणि दोन्ही बाजूंना ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या लटकावल्या. मागे चार्जरचं खोकं बांधलं.

"आवाज जाईल बरं का, साहेब," तो म्हणाला.

"गाडी काय आवाजावर चालते?"

"गाडी न्हाई चालत," गहिनीनाथ म्हणाला आणि पाना पुसू लागला.

पहिल्याच फेरीला साहेब बेलवस्तीच्या शाळेकडे निघाले. खिशात आदर्श शिक्षकाची शिफारस होती. नाव कारभारी गुरुजींचं. आज शेवटचं तपासायचं, सही करायची आणि उद्या वरच्या कचेरीत द्यायची. बारा वर्षांच्या तपासणीचं हे फळ होतं. निवड झाली की साहेबांची नजरही आदर्श ठरणार होती.

गाडी शाळेच्या दारात आली. कोंबड्यांनी मान वर केली नाही.

आत पोरांना सुकडीचा खाऊ वाटायला नेमलेली चांगुणाबाई फळ्यापाशी उभी होती. हातात वाटी.

"पाऊण वाटीत पाव घातली. किती झाली?"

"एक!" बावीस पोरं ओरडली.

"आन् ती चौघांत वाटली तर?"

"पाव, पाव!"

तपासणीच्या दिवशी हीच पोरं स्वतःचं नाव विचारलं तरी छताकडे बघत. चांगुणाबाईची नजर दारात गेली आणि वाटी निसटली.

"अगं बया! साहेब, तुमी कवा आला? आवाजच न्हाई आला!"

"गुरुजी कुठं आहेत?"

"कांद्याला पानी द्यायला गेल्यात. लाईट आलीया ना. तुमचा आवाज आला की येत्यात ते. रोजचं मी बघते, सातवी पास हाय."

साहेबांना बारा वर्षं एकदम आठवली. त्यांनी टोपी सारखी केली आणि तडक वरच्या कचेरीत जाऊन साऱ्यांदेखत शिफारस फाडायचं ठरवलं. गाडीवर बसले, मूठ पिळली. गाडीनं हूं की चूं केलं नाही. बॅटऱ्या बसल्या होत्या.

वस्तीत वीज एकाच ठिकाणी होती: गुरुजींच्या विहिरीवर. बावीस पोरांनी गाडी ढकलत नेली. गुरुजी गुडघ्याएवढ्या चिखलात होते.

"साहेब," ते हात जोडून म्हणाले, "गाडीनं मौन धरल्याचं कुनी कळवलं न्हाई."

"गुरुजी, लाज वाटते का?"

"लई वाटतीया. पर आधी तुमचं खोकं जोडू द्या. फ्यूज एकच हाय. ह्ये लावलं तर मोटार बंद ठेवावी लागंल."

मोटार बंद झाली. कांदा तसाच राहिला. गुरुजींना शाळेत जाण्याखेरीज काम उरलं नाही. साहेब मागे जाऊन बसले. गुरुजींनी तोच हिशेब घातला. पोरं छताकडे बघू लागली. दाराशी चांगुणाबाईचे ओठ हलत होते.

चार तासांनी गाडीच्या बॅटऱ्या भरल्या. तोवर साहेबांचा रागही पुरता निवला होता. त्यांनी शिफारस काढली, कारभारी गुरुजींचं नाव खोडलं आणि वर लिहिलं, 'चांगुणाबाई.' हुद्द्याच्या जागी 'सुकडी वाटप' लिहिलं. कचेरीनं काय ते समजून घ्यावं. मग सही ठोकली.

"माझं नाव?" चांगुणाबाई म्हणाली. "आन् गुरुजी?"

"गुरुजी कांद्यात आदर्श आहेत," साहेब म्हणाले. "शाळेत तुम्ही."

गुरुजींनी मान डोलावली. त्यांना सुटल्यासारखं वाटलं असावं.

परतीच्या वाटेवर साहेब खुशीत होते. मग त्यांना उरलेल्या अकरा शाळा आठवल्या आणि ते गंभीर झाले. ते थेट मिरजगावात गहिनीनाथाकडे गेले.

"भोंगा बसव. दोन कोसांवरून ऐकू आला पाहिजे."

गहिनीनाथानं फळीवरचा भोंगा खाली काढला. तो पुसूनच ठेवला होता.