चार पावलं

टक्. वॉशिंग मशीनच्या दाराचं कुलूप सुटलं आणि तेवढ्याशा आवाजानं रेवती दचकली. दुपारचे अडीच वाजले होते. एरवी या वेळी गुरगावच्या त्या नवव्या मजल्यावरच्या घरात मीटिंग चालू असताना फोन म्यूट करायचा तो लेकीच्या, अबोलीच्या बडबडीमुळे. पण गेले तीन आठवडे म्यूटचं बटण दाबावंच लागलं नव्हतं.

लॅपटॉप अर्धा मिटवून ती हॉलच्या दाराशी आली. पावणेपाच वर्षांची अबोली बाल्कनीच्या जाळीपाशी उभी होती आणि झुलत होती. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. पोरं गाण्यावर झुलतात तशी नव्हे. मान खाली, हात लोंबते, अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्यावर, फार जुनी सवय असल्यासारखा.

"अबू, इकडे ये गं राणी."

अबोली निघाली. एक, दोन, तीन, चार. चौथ्या पावलाला डावा पाय मागेच राहिला, घोट्याला कुणी धरल्यासारखा. ती थांबली, वळली आणि पुन्हा जाळीपाशी जाऊन झुलायला लागली.

उचलून नेलं तर ती कुठेही यायची. शाळेतही जायची. पण जिथे उभी करावी तिथून चार पावलं, पुढे नाही. डॉक्टरांनी पाय तपासले, हाडं तपासली, "पाय बिलकुल ठीक हैं, स्क्रीन कम कीजिए" म्हणाले. शाळेतल्या मॅडमनी डायरीत लिहिलं, खेळायला उतरत नाही, केळी सालासकट खाते. नवरा, सुधन्वा, म्हणाला, "फेज आहे यार रेवा. मी लहानपणी माती खायचो." आणि मानेसरच्या बसला उशीर होतो म्हणून पळाला.

रेवतीला मात्र ठाऊक होतं हे कधी सुरू झालं ते. ते तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

तीन आठवड्यांपूर्वी सुधन्वाच्या कंपनीनं बायकापोरांसकट सगळ्या टीमला थायलंडला नेलं होतं, चिआंग माईला. तिसऱ्या दिवशी शहराबाहेरची सहल होती. सकाळी हत्तींचा कॅम्प, दुपारी कागदी छत्र्या रंगवणारं गाव, संध्याकाळी डोंगरावरचं घंटांचं देऊळ. कॅम्पवर सगळ्यांना निळे ढगळ सदरे दिले, हातात केळ्यांच्या टोपल्या दिल्या. नदीत हत्तींना अंघोळ घालताना सुधन्वा आपल्या बॉसचे फोटो काढत होता. रेवती ओले कपडे बदलायला आडोशाला गेली आणि बाहेर आली तर अबोली नव्हती.

अकरा मिनिटं. ती केळीच्या बनातून धावली, छपरांमागे धावली. व्हॅनचा हॉर्न वाजत होता. सगळ्यात मागच्या छपराआड एकदाची अबोली दिसली. एकटीच उभी. शेजारी लाकडी खुंटा, खुंट्याला साखळी आणि भोवती मातीत पायांनी घासून घासून पडलेलं गोल रिंगण. साखळीचं कडं उघडं पडलेलं. जनावर कुठेच नव्हतं.

रेवतीनं तिला काखेत मारलं आणि व्हॅन गाठली. "कुठे होता तुम्ही दोघी?" सुधन्वानं विचारलं. बॉसची बायको घड्याळ बघत होती. "वॉशरूमला," रेवती म्हणाली.

आणि त्या गडबडीत हाक राहिली.

सासूबाईंची शिकवण होती ती. कुठूनही निघताना मागे वळून लेकराला नाव घेऊन बोलवायचं. चल गं अबोली, घरी चल. मूल अंगानं निघतं, पण जीव कधी कधी मागे रेंगाळतो. करोल बागेत बूट घेऊन निघतानाही रेवती अशी हाक मारायची आणि सुधन्वा हसायचा, "झाली का हजेरी?" एकदाही चुकलं नव्हतं. त्या दिवशी चुकलं.

आज तिला राहवेना. तिनं पुण्याला व्हिडिओ कॉल लावला आणि सासूबाईंना सगळं सांगून टाकलं.

"अकरा मिनिटं?" सासूबाई म्हणाल्या. "ऑफिसात पाच मिनिटं उशीर झाला तर जगाला मेसेज करतेस. आणि हे तीन आठवडे पोटात ठेवलंस होय गं?"

"घाबरले होते, आई. तुम्ही काय म्हणाल, हा काय म्हणेल..."

"आम्ही काय म्हणायचंय! माझा नवरा एका लग्नात याच सुधन्वाला विसरून आला होता. रडू नकोस. मुख्य दार उघड, उंबऱ्यावर उभी राहा आणि मार हाक. घरातल्या पोरीला नको. जिथे राहिली आहे, तिथवर पोचेल अशी मार."

रेवतीनं दार उघडलं. बाहेर लिफ्टपुढचा लांबलचक पॅसेज, ओळीनं बंद दारं.

"चल गं अबोली, घरी चल."

समोरचं दार किलकिलं झालं. "सब ठीक है, जी?" शेजारीणबाईंनी विचारलं.

"हां जी, बच्ची को बुला रही हूँ."

शेजारीणबाईंनी तिच्या खांद्यावरून हॉलमध्ये झुलणाऱ्या अबोलीकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं.

"चल गं अबोली, घरी चल." या वेळी आवाज फाटला. तिसऱ्यांदा ती बेंबीच्या देठापासून ओरडली.

झुलणं थांबलं.

"ओ," असं ऐकू आलं. पॅसेजच्या टोकाकडून, लिफ्टच्याही पलीकडून. पाण्यावरून यावा तसा आवाज. रेवतीनं गर्रकन वळून पाहिलं. अबोलीचे ओठ हललेले नव्हते. पण आता तिनं मान वर केली आणि तोच लांबचा आवाज तिच्या तोंडून यायला लागला.

"आई, तू एवढा वेळ का नाही बोलावलंस?"

रेवती धावत जाऊन गुडघ्यांवर बसली. अबोलीच्या अंगाला चिखलाचा, ओल्या गवताचा वास येत होता. सकाळीच तर अंघोळ घातली होती. "चुकलं माझं सोन्या. आता चल. चल ना."

"तिनं सांगितलं, दोन मिनिटं माझ्या जागी उभी राहा. मी आईला भेटून येते. मी ओके म्हटलं."

"कोण ती?"

"बेबी एलिफंट. तिची आई नदीच्या पलीकडे असते. लोकांना पाठीवर बसवते. रात्रीपण येत नाही."

"मग... परत नाही आली ती?"

अबोलीनं मान हलवली. "ती आईच्या पोटाखाली झोपलीय. मला दिसते ना तिकडून. तिची आई तिला सोंडेनं धरून ठेवते. असं." आणि तिनं आपला हात रेवतीच्या मनगटाभोवती गुंडाळला, घट्ट.

"बाळा, तू ये. मी बोलावतेय ना."

अबोली विचार करत राहिली. तिच्या कपाळावर इवलीशी आठी पडली, अगदी सुधन्वासारखी. मग तिनं डावा पाय उचलून पाहिला आणि तसाच हवेत धरला.

"मी आले ना आई, तर तिला परत चेनमध्ये यावं लागेल. तिच्या आईला सोडून," ती म्हणाली. "येऊ मी?"