नवे कपडे बंद असलेल्या घरातली इस्त्री

मित्रांनो, मी एक जुनी इस्त्री आहे. अंगाने जड आणि स्वभावाने तापट. दुसऱ्यांच्या सुरकुत्या मोडण्यात माझा जन्म गेला, पण माझ्या स्वतःच्या अंगावर ओरखडे किती आहेत ते विचारू नका. आपली गोष्ट सांगणाऱ्या वस्तू थोडे आपले कौतुक करून घेतात. मीही घेणार आहे, तेवढे सहन करा. पण मला खरे सांगायचे आहे ते एका वर्षाबद्दल. त्या वर्षी आमच्या घरात एकही नवा कपडा आला नाही, आणि एका माणसाचा जीव जाता जाता राहिला. सगळे माझ्या डोळ्यांदेखत घडले, आणि मला बोलता येत नव्हते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तळ घासून घासून गुळगुळीत केला, वर काळी मूठ बसवली, आणि एका कामगाराने मला हातात तोलून पाहिले व म्हणाला, ही पोरगी नाव काढील. माझ्या पोटात एक थर्मोस्टॅट बसवला होता. मी पुरेशी तापले की तो टक् करून वीज तोडायचा आणि गार होऊ लागले की पुन्हा जोडायचा. तो माझा लगाम होता. लगामाशिवाय इस्त्री म्हणजे माकडाच्या हातात कोलीतच!

मला विकत घेतले एका तरुण पोस्टमनने, आपल्या पहिल्या पगारातून. तो म्हणायचा, पत्र आनंदाचे असो की दुःखाचे, ते आणणारा माणूस चुरगळलेला दिसू नये. रोज सकाळी तो आपला गणवेश स्वतः इस्त्री करायचा. कॉलर आधी, मग बाह्या, मग पाठ. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. त्याने चालत चालत अर्धे शहर पालथे घातले आणि त्याच्या शर्टाची घडी कधी मोडली नाही. त्या काळात माझा थाट काय वर्णावा! शेजारीपाजारी लग्नकार्य निघाले की मला मागून न्यायचे आणि परत देताना नावाजायचे.

मग तो पोस्टमन आजोबा झाला. आजी गेल्या. आजोबांच्या गुडघ्यांनी दगा दिला. आम्ही राहायचो चौथ्या मजल्यावर, आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. एकदा आजोबा जिन्यात कोसळले, त्यानंतर दोन वर्षे ते खाली उतरले नाहीत. तरी रोज सकाळी टेबलापाशी बसून ते स्वतःचा शर्ट इस्त्री करायचे, तो घालायचे आणि खिडकीत जाऊन बसायचे, जणू कामावर गेले. खालची गल्ली बघता बघता त्यांचे पाय नुसते जागच्या जागी हलत राहायचे. ते बघून मला भडभडून यायचे.

घरात आणखी तिघे होते. आजोबांचा मुलगा पार्सलची गाडी चालवायचा. सूनबाई एका कपड्यांच्या दुकानात विक्रीला होती. नवा माल आला की आधी तिच्या नजरेस पडायचा, आणि पगारातला चांगला मोठा घास ती त्याच दुकानात परत देऊन यायची. हे तिलाही कबूल होते. तिसरी त्यांची मुलगी ठमी. तेरा वर्षांची ठमी अशी ताडमाड वाढत होती की आज आणलेली पँट उद्या घोट्याच्या वर जायची.

एका दुपारी घरमालकीणबाई वर आल्या आणि सहज बोलून गेल्या की तळमजल्यावरचे बिऱ्हाड वर्षभराने जाणार आहे. त्या खोल्यांचे दार थेट गल्लीत उघडत होते. आजोबा आत झोपले होते. नवरा-बायको एकमेकांकडे बघत राहिली. मालकीणबाईंनी सांगितलेली अनामत रक्कम दोघांच्या ऐपतीबाहेरची होती. एक कपड्यांचा व्यापारीही गोदामासाठी ती जागा मागत होता. वर्षभर थांबते, त्यापुढे एक दिवस नाही, असे सांगून बाई निघून गेल्या.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात दबक्या आवाजात खलबत झाले. मी तिथेच टेबलावर गार होत होते. सूनबाईने स्वतःच तोडगा काढला. वर्षभर घरात कुणालाही नवा कपडा नाही. रुमाल नाही, मोजा नाही. ठमीने थोडे तोंड वाकडे केले, मग आजोबा गल्लीत फिरतील म्हटल्यावर तीही तयार झाली. एवढे चांगले झाले. पुढे मात्र त्यांनी आणखी एक गोष्ट ठरवली, आणि तिथेच घोड्याने पेंड खाल्ली. आजोबांना काही सांगायचे नाही. ते पडले मानी. माझ्यासाठी तुम्ही फाटके घालणार असाल तर मला खोलीच नको, असे म्हणून ते हटून बसतील, अशी सगळ्यांना भीती. विचारलेच तर सांगायचे, आम्ही पैज लावली आहे.

त्या दिवसापासून माझे काम दुप्पट झाले. ठमीच्या पँटची दुमड उसवून ती खाली सोडली की जुन्या घडीची रेघ राहायची. सूनबाई त्यावर व्हिनेगरचा ओला फडका ठेवायची आणि मला दाबून धरायची. मुलाच्या शर्टांच्या विरलेल्या कॉलरी उलटवून शिवल्या, त्या मी बसवल्या. एक चादर कापून तिचे दोन झगे झाले. शाळेत ठमीला मुली काय काय म्हणाल्या ते ती कपड्यांवरून मला फिरवताना पुटपुटायची, पण आईला सांगायची नाही. दुकानाच्या मालकाने सूनबाईला सगळ्यांदेखत टोमणा मारला की गिऱ्हाईक आधी तुमच्याकडे बघते, मग आमच्या मालाकडे. तिच्याकडे आता धड असा एकच निळा ड्रेस उरला होता. मालक दुकानात येणार असला की ती तोच घालायची आणि घरी येताच धुऊन टाकायची. तो टिकला तर नोकरी टिकेल, नोकरी टिकली तर खोली मिळेल, असे ती नवऱ्याला म्हणायची.

आणि नेमक्या त्या वर्षी माझा थर्मोस्टॅट गेला. मी तापायची ती तापतच राहायची. टक् आवाज बंद! ठमीच्या बाबांनी नवी इस्त्री आणूया म्हटले, तर सूनबाई म्हणाली की खोली मिळेपर्यंत काही नवे नको, प्लग हाताने काढत जाऊ. मग घरात नियम झाला. आधी प्लग, मग बाकी काही. माझ्यावरून नजर हलवायची नाही. मित्रांनो, ज्या घरात एक कपडा जळला तर दुसरा आणायची सोय नाही, त्या घरात आपण केव्हा काय जाळून बसू याचा नेम नाही, ही फार वाईट अवस्था असते. निळा ड्रेस माझ्याखाली आला की मला धडकी भरायची.

आजोबांना वाटले ते वेगळेच. नातीच्या बाह्या आखूड झाल्या, मुलाची कॉलर उलटी झाली, सून तोच ड्रेस पुन्हा पुन्हा धुते आहे, हे त्यांना दिसत होते. त्यांनी विचारले, तर सून हसून म्हणाली की पैज लावली आहे. दुसऱ्या दिवशी शर्ट इस्त्री करता करता ते माझ्याशीच बोलले, "पैज लावणारी माणसं खिदळतात गं. ही तिघं कुजबुजतात." पोराची नोकरी डळमळली आहे आणि हे मला कळू देत नाहीत, असे त्यांनी मनाशी पक्के केले.

आजोबांना रक्तदाबाच्या गोळ्या होत्या. पेन्शनमधून त्या ते स्वतः मागवायचे. औषधवाल्याचा माणूस महिन्याला वर येऊन देऊन जायचा. आजोबांनी फोन करून त्याला येऊ नको म्हणून सांगितले. वाचलेले पैसे त्यांनी सूनबाईच्या हातात ठेवले आणि यंदा पेन्शन वाढली आहे, अशी थाप मारली. बिचारीला इतका आनंद झाला! तिने ते पैसे नेऊन खोलीच्या पैशांत घातले. महिन्यामागून महिना हे असेच चालले.

हे घरात कुणाला ठाऊक नव्हते. मला मात्र ठाऊक होते. रोज सकाळी आजोबा अंगातल्या शर्टाच्या खिशातून गोळ्यांचे शेवटचे पाकीट काढून माझ्या शेजारी टेबलावर ठेवायचे, धुतलेला शर्ट इस्त्री करायचे आणि पाकीट त्याच्या खिशात घालायचे. तेच पाकीट, तोच मुडपलेला कोपरा. आठवडा जायचा आणि गोळी एखादीच कमी झालेली असायची. एकदा त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "बघतेस काय? डोकं फार गरगरलं तर घेतो अर्धी. आणि तू कुणाला सांगणार आहेस?"

खरे होते. मी कुणाला सांगणार? एकदा बाही करता करता त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली आणि डोळे मिटून बराच वेळ तसेच बसून राहिले. तेवढ्यात सूनबाई आत आली, तर म्हणाले, काही नाही, पायाला मुंग्या आल्या. तिने त्यांच्याकडे पाहिले, मग घड्याळाकडे पाहिले आणि कामावर पळाली. मी मनात ओरडत होते, अगं खिसा बघ! खिसा बघ त्यांचा!

वर्ष संपत आले. स्वयंपाकघरातल्या कुजबुजीत आता हसू ऐकू येऊ लागले. खोलीचे पैसे जवळजवळ जमले होते. आणि आजोबांचा चेहरा रोज थोडा अधिक राखाडी होत होता.

एके दिवशी दुपारी घरात फक्त आजोबा होते. दुसऱ्या दिवशी दुकानात मालक यायचा होता, म्हणून सूनबाई निळा ड्रेस धुऊन वाळत घालून गेली होती. आजोबांच्या मनात आले की पोरगी दमून येईल, तिचे तेवढे काम करून ठेवू. त्यांनी ड्रेस टेबलावर पसरला, मला तापवले. एक बाही छान झाली. दुसऱ्या बाहीवर हात थांबला. त्यांनी कपाळाला हात लावला, सुनेला हाक मारल्यासारखे काहीतरी पुटपुटले आणि खुर्चीसकट खाली गेले.

मी ड्रेसवर पालथी पडले होते. प्लग लागलेलाच होता.

काय सांगू तुम्हाला! आधी कापड पिवळे पडले, मग तपकिरी. मी तापतच गेले. वर्षभर ज्या एका गोष्टीला मी घाबरत होते ती मी स्वतःच्या तळाने करत होते. घरातला एकमेव चांगला कपडा माझ्याखाली जळत होता. खाली जमिनीवर आजोबांचा श्वास घरघरत होता, आणि दार बंद. मग बाहीतून धूर निघाला. तो खिडकीकडे जाऊ लागला, आणि त्या क्षणी माझ्या लक्षात आले की एवढीच एक हाक मला मारता येते. मी म्हटले, जळू दे. आणखी जळू दे. टेबलाचे लाकूडही करपायला लागले. मला भीती वाटली की आता आग आजोबांपर्यंत जाईल. हाक मारणारीच त्यांचा जीव घेते की काय! पण मला थांबताही येत नव्हते.

ठमी शाळेतून येत होती. गल्लीच्या वळणावरून ती रोज आजोबांच्या खिडकीकडे हात हलवायची. त्या दिवशी खिडकीत आजोबा नव्हते आणि धूर होता. ती चार मजले कशी चढली तिचे तिलाच माहीत. आपल्या किल्लीने दार उघडून आत आल्याबरोबर तिने आधी प्लग काढला, सवयीने, आणि मग आजोबांजवळ गुडघे टेकून असा हंबरडा फोडला की सगळी इमारत गोळा झाली. शेजाऱ्यांनी आजोबांना खुर्चीत बसवून, चौघांनी खुर्ची उचलून खाली नेले. दोन वर्षांनी आजोबा जिना उतरले ते असे, मान टाकून.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा-बायको कपडे न्यायला घरी आली. आजोबा वाचले होते, पण उजवा हात अजून हलत नव्हता. मुलाच्या हातात ते मुडपलेल्या कोपऱ्याचे पाकीट होते. डॉक्टरांना ते खिशात सापडले होते. औषधवाल्याकडे विचारून झाले होते. सूनबाई जळक्या ड्रेससमोर बसली, पण तिचे ड्रेसकडे लक्षच नव्हते.

"त्यांच्या गोळ्यांचे पैसे ते मला देत होते," ती म्हणाली, "आणि मी हसत हसत घेत होते."

नवऱ्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. माझ्या तळाला निळे कापड करपून चिकटले होते. वाटले, आपण वितळून जावे.

दवाखान्यात जमलेल्या पैशांचा मोठा लचका गेला. त्यातच डॉक्टरांनी बजावले की आता जिना बंद, चढायचा नाही नि उतरायचा नाही. म्हणजे खोली नाही तर आजोबांना घरच नाही. सूनबाई तडक घरमालकीणबाईंकडे गेली आणि अथपासून इतिपर्यंत सगळे सांगून टाकले. बाईंनी ऐकून घेतले आणि कपाळावर हात मारला. म्हणाल्या, म्हाताऱ्यासाठी हवी आहे हे आधी नाही का सांगायचे? मी तर आज त्या गोदामवाल्याला होकार कळवणार होते! उरलेले पैसे त्यांनी हप्त्याने घ्यायचे कबूल केले.

दवाखान्यात काय बोलणे झाले ते मला ठमीकडून कळले. माझा तळ खरवडताना तिने सगळे सांगितले. सून आजोबांवर रडत रागावली की गोळ्या का सोडल्या. आजोबांनी विचारले की मला खरे का सांगितले नाही. ती म्हणाली, तुम्ही नको म्हणाला असतात.

"म्हणालो असतो," आजोबा म्हणाले. "मग तू माझ्याशी भांडली असतीस. भांडणानं कुणी मरत नाही, सूनबाई."

आता आम्ही तळमजल्यावर राहतो. हप्ते फिटेपर्यंत आणखी वर्षभर नवे कपडे नाहीत, पण ते सगळ्यांनी मिळून, आजोबांसमोर, वाद घालून ठरवले आहे. सूनबाईने मालकालाही सांगून टाकले की वर्षभर मी अशीच येणार, पटत असेल तर ठेवा. त्याने ठेवले, कारण तिच्याइतका माल तिथे कुणी विकत नाही. वायरमनने मला तपासून माझी वायर कापली आणि भंगारात टाका म्हणून सांगितले. आजोबांनी साफ नकार दिला. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून मला उंबऱ्याजवळ ठेवले आहे.

मित्रांनो, वस्तूंना जपा, आम्ही जुन्या झालो तरी आमच्या दुखण्याकडे डोळेझाक करू नका. पण त्याआधी एक करा. घरातल्या माणसासाठी काही सोसत असाल तर ते त्याच्यापासून लपवून सोसू नका. मला एक गोष्ट सांगण्यासाठी एक ड्रेस जाळावा लागला. तुम्हाला देवाने तोंड दिले आहे.

आजोबा आत्ताच काठी घेऊन गल्लीत गेलेत. आज वळणापर्यंत जाऊन येतो म्हणाले. गोळी घेऊनच गेलेत, मी पाहिले, आणि ठमीनेही पाहिले.