काळ्या गोळीची चव

खरं सांगायचं तर रोहित हे लिहिणारच नव्हता. खाण्याच्या सहलीचं काय लिहायचं? पण भैरूनं विचारलेलं डोक्यातून जातच नाही.

रोहित रिहे गावचा, नोकरी हिंजवडीला. कंपनीनं तीन आठवडे हेलसिंकीला पाठवलेलं. शनिवारी तिथल्या लोकांनी सगळ्या टीमला छताखालच्या जुन्या मार्केटात नेलं. पुढं गाईडबाई, मागं ही दहा माणसं, दर दुकानात एकेक घास.

तेवढ्यात गावाकडनं भैरूचा व्हिडिओ कॉल. भैरू लहानपणापासूनचा दोस्त, जत्रेच्या भंडाऱ्याचा आचारी. तंबाखूच्या पुडीनं कॅन्सर होऊन त्याची जीभ खाल्लेली, सोमवारी डॉक्टर ती काढणार होते. रोहितनं सुट्टी मागितली, मिळाली नाही.

भैरूला आता पेजेशिवाय काही गिळवत नव्हतं. म्हणाला, "रोह्या, तू खा आन् मला सांग कसं लागतंय."

रोहितनं धुरी दिलेला मासा खाल्ला. भारी हाय म्हणाला. चीज खाल्लं, ते पण भारी.

"भारी हाय ते मला बी दिसतंय. चव सांग की."

गाईडबाई इंग्रजीत भरभरून बोलत होती आणि रोहितला एक शब्द सापडेना. मासा म्हणजे शेतात राब भाजल्यावर कपड्यांना येतो तो धुराचा वास, एवढं कसंबसं निघालं. चीज म्हणजे दातांत करकरणारा खरवस. भैरू डोळे मिटून ऐकत होता.

शेवटी एक काळी गोळी. तोंडात टाकली आणि रोहितचं तोंडच वाकडं झालं. थुंकायला जागा नाही. खारट, नाकात झोंबणारी. जत्रेच्या आदल्या दिवशी देवळामागं बसल्यागत वाटतंय, म्हणाला.

"पातेल्यांची कल्हई," भैरू म्हणाला. "नवसागर हाय त्यो."

अगदी तेच. भैरू हसला, हसताना कळवळला. भंडाऱ्याची आमटी देवाला दाखवल्याशिवाय कुणी चाखत नाही. अकरा वर्षं भैरू नुसती वाफ हुंगून मीठ सांगायचा.

"नाक ऱ्हाईल रं," तो म्हणाला. "पर जीभ न्हाई, मंग मीठ कमी हाय हे बोलून सांगू कसं?"

बाई पुढच्या दुकानाकडं बोलवत होती. सोमवारी तो इथंच असणार होता, असाच, हातात फोन धरून.

"भैऱ्या, चैताच्या जत्रंला पातेल्याशी मी उभा ऱ्हातो," तो म्हणाला. "तू वाफ हुंग आन् माझा हात दाबून धर. तू सोडस्तवर मीठ टाकत ऱ्हाईन. चाखणार न्हाई."